मास्तरांना सोडा

निकालाच्या दिवशी थोरली कांदा उपटत होती. थोरली म्हणजे पंपवाल्याची बायको. त्या घरात धाकटी सून अजून यायचीच होती, दिराचं लग्न ठरता ठरता लांबलं होतं. पण ही उंबरा ओलांडून आत आली त्या दिवशी सासूनं 'थोरली' म्हणून हाक मारली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

जमीन तळ्याकाठची होती. पूर्वी तिथं पाणी होतं. तळं आटत मागं सरकलं तसा सासऱ्यानं आणि गावातल्या आणखी काही घरांनी तो चिखल कसायला घेतला. लव्हाळा खणून काढला, दगड वेचले, पाठी वाकवल्या. चिखल होता तोवर त्याला कुणी विचारलं नाही. माती लोण्यासारखी झाली तेव्हा मालकाला तिची आठवण झाली. मालक म्हणजे पलीकडच्या काठावरच्या बंगल्याचा धनी, किल्ली चिन्हाच्या पक्षाचा मोठा पुढारी. त्याला तिथं हॉटेल बांधायचं होतं, पाण्यात पाय सोडून बसता येईल असं.

म्हणून ही निवडणूक गावानं मतांवर नाही, जमिनीवर लढवली. मालक स्वतः दुसऱ्या भागातून उभा होता, या भागात त्यानं आपला मेहुणा उभा केला. त्याच्या विरोधात शिडी चिन्हावर उभे राहिले मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनीच पाटीवर अक्षर काढायला शिकवलेलं. "माझ्या जिवात जीव आहे तोवर तळ्याची वीतभर जमीन जाऊ देणार नाही," असं ते दारोदार सांगत फिरले आणि बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

थोरलीचा दीर गवंडी. मास्तरांच्या पुढं चालायला हा, मागं ओरडायला हा. मतदानाच्या दिवशी मालकाची माणसं तळ्याकडच्या बायकांची वाट अडवून उभी राहिली तेव्हा हा मध्ये पडला. त्यांनी लोखंडी गज त्याच्या उजव्या मनगटावर घातला. गवंड्याचं उजवं मनगट! दवाखान्यात मास्तर त्याच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले होते.

दुपारी गावातून ओरडा आला. दीर प्लास्टरचा हात डोक्यावर धरून बांधावरून पळत येत होता.

"वहिनी! आलो निवडून! मास्तर आले!"

थोरलीनं हातातला कांदा तसाच वर फेकला. सासू मातीत बसूनच हसायला लागली. दिरानं कांद्याच्या ओळींतून नाच केला, चार कांदे तुडवले, आणि कधी नव्हे ते सासूनं त्यावर शिवी दिली नाही.

संध्याकाळपर्यंत मात्र नाच थांबला आणि बोलणं सुरू झालं. किल्लीला पुरेशा जागा नव्हत्या, शिडीलाही नव्हत्या. सरकार कुणाचं होणार हे कुणालाच सांगता येईना. त्यात किल्लीवाल्यांच्या घरातच आग. त्यांच्या पक्षाचा नेता कोण, मालक की त्याचा चुलतभाऊ, यावर दोघं हमरीतुमरीवर आले होते. जो बाहेरची माणसं फोडून आणेल त्याच्या खाली खुर्ची, असं ठरलं म्हणे.

"कुत्र्यांना भांडू दे," दीर म्हणाला. "आपले मास्तर काही त्यातले नाहीत."

पंपवाला घरी आला तो खाली मान घालूनच. मालकाच्या बंगल्यावर पाण्याचा पंप आणि बाग सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं. घर विरोधात, नोकरी मालकाची. निवडणूकभर बिचाऱ्यानं ना तिकडं तोंड उघडलं ना इकडं.

"उद्या तुलाही यायचंय," तो बायकोला म्हणाला. "पाहुणे आहेत बंगल्यावर. स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला माणूस कमी आहे. काम संपेपर्यंत तिथंच राहायचं. घरी सोडणार नाहीत."

"आणि कांदा? उपटून पडलाय सगळा. पात कोण कापणार? आभाळ बघितलंत का?"

"आई आहे."

"आईचे गुडघे धड आहेत होय? आणि भावजींचा एक हात गळ्यात."

"मग मी जाऊन सांगू मालकाला, की माझ्या बायकोला सवड नाही?" तो एवढंच म्हणाला. थोरली पिशवीत लुगडं भरू लागली. त्याचं ते 'मी जाऊन सांगू' तिला माहीत होतं. तो कधीच काही जाऊन सांगत नसे.

सकाळी बंगल्याच्या फाटकावर एका माणसानं तिची पिशवी उलटीपालटी केली. लुगडं झटकून बघितलं. नवऱ्याचा फोन काढून घेतला आणि एका टोपल्यात टाकला. टोपल्यात आधीच बरेच फोन होते, मेलेल्या माशांसारखे एकावर एक पडलेले. त्यातला एक मधूनच थरथरत होता.

पाहुणे म्हणजे निवडून आलेली माणसं. वेगवेगळ्या भागांतली, काही छोट्या पक्षांची, काही कुठल्याच पक्षाची नसलेली. पडदे लावलेल्या गाड्यांतून येत, उतरताना तोंडावर रुमाल धरत आणि आत गेल्यावर रुमाल भिरकावून देत. लोकांनी निवडून दिलेली माणसं, आणि त्यांना दावणीला बांधल्यासारखं ठेवलेलं. पण दावणीच्या जनावराला निदान वैरणीची लाज असते. ही सकाळी अंड्यांवरून भांडत, दुपारी मटणात नळी कुणाच्या ताटात गेली यावरून रुसत.

थोरली चुलीपाशी होती, मग भांड्यांपाशी, मग पुन्हा चुलीपाशी. भांडी एवढी मोठी की आत वाकून घासावी लागत; वाकलं की कमरेतून कळ मस्तकात जाई. राखेनं आणि सोड्यानं बोटांची कातडी सोलवटली. एका जाड्या सदस्याला तिचा फारच कळवळा होता. तो दिवसातून तीनतीनदा आंघोळ करी आणि दर वेळी ओला टॉवेल दारातून तिच्या अंगावर टाकी.

"ए बाई, पिळून वाळत घाल. आणि साबण बदल. याला घोड्याचा वास मारतो."

"घोड्यानं नाही हो तक्रार केली," थोरली पुटपुटली. शेजारी भांडी घासणाऱ्या मोलकरणीनं तोंडात पदर कोंबला. पण टॉवेल पिळायचा तो पिळावाच लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारकडं आभाळ भरून आलं. तिचा जीव सारखा कांद्यात. हातात गरम पाण्याची बादली घेऊन ती मागच्या खोल्यांकडं निघाली तोच आणखी एक गाडी आली. मागचं दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला. झिजलेली, तळाला शिवलेली चप्पल.

ती चप्पल तिच्या ओळखीची होती. निवडणुकीत ती तिच्या उंबऱ्याशी किती वेळा काढून ठेवलेली होती.

मास्तर उतरले. मालक स्वतः पायऱ्यांवर आला, त्यानं मास्तरांना मिठी मारली. मास्तरांनीही हात वर केले. वळताना त्यांची नजर थोरलीवर पडली. क्षणभर ओळख पटली, मग त्यांनी नजर तिच्या हातातल्या बादलीवर ठेवली, जणू बादलीच तिथं उभी होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, पकडून आणलंय. मिठी मारायला लावलीय. लोक काय काय करायला लावतात. तिनं बादली ठेवली, तोंडावरून हात फिरवला आणि मनाशी ठरवलं की जमेल तशी मदत करायची.

संध्याकाळी दिवाणखान्यात चहा न्यायला तिलाच पाठवलं. मोठ्या टीव्हीसमोर सगळे पाय पसरून बसले होते. मास्तर कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीत होते, गुडघे जुळवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. टीव्हीवर रस्ता दिसत होता. ओळखीचा रस्ता, ओळखीची वळणावरची बाभळ, आणि रस्त्यात बसलेली ओळखीची माणसं. "मास्तरांना सोडा! मास्तरांना सोडा!" घोषणा चालल्या होत्या. काल रात्री मास्तरांचं अपहरण झालं, गावानं रस्ता अडवला, असं टीव्हीवाली सांगत होती. मग चित्र जवळ आलं. सगळ्यात पुढं तिचा दीर. प्लास्टरचा हात गळ्यात, ओठ पांढरे. मास्तर परत येईपर्यंत त्यानं अन्नपाणी सोडलं होतं. मागं कुणाच्या तरी आधारानं सासू बसली होती.

म्हणजे कांद्यापाशी कुणीच नव्हतं.

"मास्तर," जाडा सदस्य टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "लेकरं रडायला लागली तुमची. घंटा द्या, शाळा सुटली म्हणा."

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. ओठाच्या एका कोपऱ्यानं, पण हसले. थोरली त्यांच्याच पेल्यात चहा ओतत होती. पेला भरला, काठोकाठ आला, तिनं हात आवरला. सांडला नाही. सांडला असता तर बरं, असं तिला नंतर फार वेळा वाटलं.

मालक आत आला. त्यानं टीव्हीकडं बघून कपाळाला आठी घातली. "हे काय लावलंय? मिटवा हे."

मास्तर उठून त्याच्याजवळ गेले. खालच्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस. थोरली बशा गोळा करत होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मिटेल. पण बघताय ना लोक? मी इकडं आलो हे त्यांना गिळायला लावायचं म्हणजे एखादं किरकोळ खातं देऊन भागायचं नाही. उद्यापर्यंत शेजारची गावंही येऊन बसतील. माझा माणूस आहे तिथं, तो बघतोय. तुमच्या चुलतभावाकडं असं गाव आहे का कुणाच्या मागं?"

मालकानं पुन्हा टीव्हीकडं बघितलं. या वेळी आठी नव्हती. बाजारात बैलाच्या वशिंडावर हात फिरवावा तशी नजर त्यानं त्या उपाशी माणसांवरून फिरवली. "बसू दे मग उद्यापर्यंत," तो म्हणाला.

थोरलीनं बशा एकावर एक रचल्या. तिनं त्या पोटाशी धरल्या आणि ती बाहेर आली.

रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. सकाळी मास्तर एकटेच बागेत फिरताना दिसले तशी ती हातातला झाडू घेऊनच त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मास्तर, भावजी उपाशी आहेत."

"कोण? हां. हो." मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं. "पोरगा भला आहे. जरा अविचारी आहे."

"तुम्हाला पळवलंय असं वाटतंय त्यांना. पाणीही घेत नाहीत. निदान एक निरोप द्या, की जेव म्हणून."

"फोन नाही ना माझ्याकडं. टोपल्यात आहेत सगळ्यांचे."

"फाटक आहे ना. चालत गेलात तरी—"

"बाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा तो समजावणीचा आवाज आला, तोच, उंबऱ्यावर बसून बोलायचे तो. "बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा आत जाऊन दार उघडावं. सत्तेत असलो तर गावाचं काही करता येईल. विरोधात बसून काय मिळतं? घसा बसतो."

"आणि तळ्याची जमीन?"

मास्तरांनी एका फुलाची पाकळी उगाच सरळ केली. "त्यात थोडं मागंपुढं होईल. काही राहील, काही जाईल. बदल्यात काहीतरी देतीलच. सगळं आपल्या मनासारखं होतं का जगात?"

"तुम्ही वीतभर म्हणाला होता."

"प्रचारात माणूस बोलतो."

थोरलीला वाटलं, आपल्या कानशिलात कुणीतरी तापलेलं तेल ओततंय. मालक चोर होता, चोराचं तोंड करून फिरत होता. त्याचा राग येऊन येऊन जुना झाला होता. हा राग वेगळाच होता. कुंपणानंच शेत खाल्लेलं तिनं ऐकलं होतं, पण खाता खाता कुंपण शेताला शहाणपण शिकवतं हे पहिल्यांदा बघितलं.

"भावजींचा हात गेलाय मास्तर. गवंडी आहेत ते."

"त्याला लावून देऊ कुठंतरी. शिपाई म्हणून." मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "आणि हे बघ, इथलं ऐकलेलं इथंच ठेव. तुझ्या नवऱ्याची नोकरी आहे या घरात. उगाच त्याच्या पोटावर पाय यायला नको."

एवढं बोलून ते पुढं चालू लागले. झिजल्या चपलेचा आवाज होत नव्हता.

दुपारी जेवणं होऊन पाहुणे आडवे झाले तशी थोरली पंपाच्या खोलीकडं गेली. खोलीच्या मागून पाण्याचा नळ तळ्यात उतरत होता आणि तिथं जाळीचं छोटं दार होतं. किल्ली नवऱ्याकडं. तो पंपाच्या बाजूला ग्रीसचे हात घेऊन बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं तिच्याकडं न बघता ऐकलं.

"दार उघडा."

"अगं, गेलीस तर संपलं. पुन्हा इथं पाऊल ठेवू देणार नाहीत. मलाही."

"तुमचा भाऊ मरतोय तिकडं. मास्तरांचा भाव वाढवायला मरतोय."

"मी काय करू?" तो एकदम ओरडला, आणि ओरडून स्वतःच घाबरला. "सांग ना, मी काय करू? आयुष्यभर एकानं ओढलं तिकडं आणि दुसऱ्यानं ओढलं इकडं!"

थोरली हात पुढं करून उभी राहिली. त्यानं कमरेची किल्ली काढली, पण तिच्या तळव्यावर ठेवली नाही. स्वतः उठला, कुलूप उघडलं, आणि जाळीचं दार लाथेनं ढकललं.

"जा. विचारलं तर सांगेन मीच सोडली म्हणून," तो म्हणाला.

तळ्याच्या काठानं, गुडघाभर लव्हाळ्यातून ती निघाली. वारा सुटला होता. तळ्याचं पाणी शिसवी झालं होतं. चिखलात चप्पल रुतली ती तिथंच राहिली. रस्त्यावर पोचली तेव्हा पिंढऱ्यांवर लव्हाळ्याचे ओरखडे होते आणि श्वास लागला होता.

माणसं कालच्यापेक्षा जास्त होती. शेजारच्या गावांतलीही आली होती. मास्तरांचा एक माणूस, सायकलच्या दुकानवाला, घोषणा देत फिरत होता. थोरली सरळ दिरापाशी गेली. तो आडवा झाला होता. डोळे खोल गेले होते. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"उठा भावजी. चला घरी. मास्तरांना कुणी पळवलेलं नाही. आपल्या पायांनी गेलेत. मी त्यांना चहा दिलाय."

सगळे एकदम बोलायला लागले. तिनं बघितलेलं, ऐकलेलं सांगितलं. पण दमलेल्या माणसाचं बोलणं तुटक येतं, आणि ते ऐकायला कुणाला धीर नव्हता.

"मालकाची भांडी घासून आली ती मालकाचंच बोलणार!" सायकलवाला ओरडला. "फूट पाडायला पाठवलीय हिला! नवरा तिकडंच आहे ना हिचा? विचारा!"

"भांडी घासली म्हणजे डोळे फुटले का माझे?" थोरली म्हणाली. पण मागून कुणीतरी 'फितूर' म्हणालं. कालपर्यंत पीठ-मीठ उसनं नेणाऱ्या एका बाईनं तिला खांद्याला धरून मागं ओढलं. तिचा पदर गळला. तो सावरत असताना तिनं दिराकडं बघितलं. तो कोपरावर उठला होता.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज कोरडा पडला होता. "मास्तर माझ्या उशाशी रडलेत. तू घरी जा."

त्या बाईनं ओढलं त्याचं तिला काही नव्हतं. हे लागलं.

सासू तेवढी काठी टेकत तिच्यामागून आली. बांधावर पोचल्या आणि पाऊस कोसळला. थेंब असे की मातीला भोकं पडावीत. दोघी ओणव्या झाल्या, हाताला येईल तो कांदा टोपलीत भरून खोपटात ओतू लागल्या. पात कापायला वेळ नव्हता. चिखलानं टोपली जड झाली, सासूचे गुडघे बोलायला लागले, तरी म्हातारी उठेना. अर्धा कांदा आत आला, अर्धा पाण्यात बुडाला. अंधार पडेपर्यंत दोघी भिजून ओल्या मातीसारख्या झाल्या होत्या.

"तू खोटं बोलत नाहीस," म्हातारी अंग पुसता पुसता म्हणाली. "मला तिथंच कळलं. पण तोंडातून शब्द फुटला नाही माझ्या. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि बातमीही. किल्लीवाले आणि शिडीतून, छोट्या पक्षांतून फुटलेली माणसं मिळून सरकार झालं होतं. चुलतभाऊ हात चोळत राहिला, मालक नेता झाला, आणि मास्तर मंत्री. जमिनीचंच खातं मिळालं त्यांना.

दुपारी गाड्यांची रांग आली. थोरली आणि सासू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, कारण दीर अजून तिथंच होता. उघड्या गाडीत मास्तर आणि त्यांच्या शेजारी मालक. गळ्यात हार एवढे की मास्तरांची मान दिसत नव्हती. लोक बघतच राहिले. टाळी वाजवावी की दगड उचलावा हे कुणालाच कळेना. मग सायकलवाल्यानं घोषणा दिली आणि काही हात सवयीनं वर गेले.

मास्तर उतरले. पायात नवे बूट होते. कॅमेरेवाले पुढं धावले. कुणीतरी सरबताचा पेला त्यांच्या हातात दिला. ते दिरापाशी गुडघ्यावर बसले.

"तुमच्या या तपश्चर्येनं मी आज इथं आहे," ते मोठ्यानं म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "घे बाळा. सोड उपवास."

दिरानं पेल्याकडं बघितलं. मग मालकाकडं, जो गाडीतून उतरलाही नव्हता. मग माणसांच्या फटीतून त्यानं वहिनीला शोधलं. तिच्या पिंढऱ्यांवरचे ओरखडे अजून लाल होते.

"मास्तर," तो म्हणाला, "वहिनीनं तुम्हाला सांगितलं होतं? मी उपाशी आहे म्हणून?"

"अरे, राजकारणात काही गोष्टी—"

"हो की नाही?"

मास्तर त्याला पेला ओठाशी लावू लागले. सरबत त्याच्या हनुवटीवरून प्लास्टरवर ओघळलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. कॅमेरेवाला म्हणाला, "साहेब, जरा इकडं बघा." आणि मास्तरांनी खरंच तिकडं बघितलं, हसून.

ते हसू बघितल्यावर मात्र थोरलीला राहवलं नाही. ती गर्दीतून घुसली. पोलीस आडवा आला, त्याच्या काठीखालून वाकून गेली. तिनं मंत्र्याच्या हातातला पेला घेतला, फेकला नाही, आपटला नाही. तो सायकलवाल्याच्या हातात दिला.

"तुम्ही प्या. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला असेल."

मग तिनं दिराच्या काखेत हात घातला. तो फुलासारखा हलका लागला. विटांच्या पाट्या डोक्यावर खेळवणारा माणूस. पलीकडून दुसरा कुणीतरी हात आला. तिनं बघितलं तर नवरा. अंगावर पंपाचे ग्रीसचे कपडे, हातात त्याची पिशवी. त्याला कामावरून काढलं का हे विचारायची गरज नव्हती.

"तरी म्हणत होतो," तो म्हणाला, पण भावाला सोडलं नाही.

मागं मास्तरांचं भाषण सुरू झालं. थोड्या लोकांनी ऐकलं, थोडे तिथंच खाली बघत उभे राहिले.

घरी तिनं पातळ पेज केली, मीठ घालून. दिराला डावा हात वापरायची सवय नव्हती, म्हणून ती चमच्यानं भरवू लागली. दोन घोट घेऊन तो भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊ लागला.

"वहिनी, मी सगळ्यांसमोर तुला—"

"आधी गिळा. रडायलाही अंगात बळ लागतं. आणि रडून झालं की भांडायचंय."

सकाळी ती आणि सासू खोपटापुढं ओल्या कांद्याचा ढीग सोडवत बसल्या. सडलेला एकीकडं, टिकेल तो दुसरीकडं. वास डोक्यात जात होता. पहिल्यांदा ती पीठ-मीठवाली आली. जरा दूर उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग पीठ-मीठवालीची जाऊ आली. मग तळ्याकडच्या घरांतले दोघं-तिघं पुरुष, खाकरत. कुणी माफी मागितली नाही. माफी मागायची गावाला सवय नव्हती.

"थोरले," पीठ-मीठवाली शेवटी म्हणाली, "काय काय बोलले गं ते तिथं? जमिनीचं काय म्हणाले?"

थोरलीनं मान वर केली नाही. तिचा विळा पातीवर चालूच होता. राग अजून होता, आणि तो गिळायचा नव्हता; पुढं लागणार होता.

"ऐकायचंय?"

"हो."

"मग उभं राहून नाही. विळे आणा घरून आणि बसा ढिगाला. एवढा कांदा तुमच्यामुळं भिजलाय." ती थांबली, मग म्हणाली, "आणि मोजणीवाले येतील त्या दिवशी रस्त्यात कुणी बसायचं नाही. शेतात बसायचं. आपापल्या वाफ्यात."

पुरुषांतला एकजण विळा आणायला वळला. बाकीचेही निघाले. पीठ-मीठवाली मात्र तशीच खाली बसली, तिनं ढिगातला एक कांदा उचलला आणि हातांनीच पात पिळून तोडू लागली.

थोरलीनं बोलायला सुरुवात केली.